अलौकिक शब्दांचा लौकिक व्यवहार

इंग्रजी वृत्तपत्रे आणि नियतकालिके वाचणाऱ्यास 'ट्रान्सेन्डन्स' हा शब्द आता अपरिचित राहिलेला नाही. एके काळी ईश्वरशास्त्राच्या व तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतच आढळणारा हा भारदस्त शब्द आज क्रीडावृत्तांत भेटतो, चित्रपटपरीक्षणांत भेटतो, पाककृतींच्या सदरांत आणि अत्तरांच्या जाहिरातींतही भेटतो. एखाद्या टेनिसपटूचा खेळ 'ट्रान्सेन्डेन्ट' ठरतो, एखाद्या गायिकेचा स्वर तसाच ठरतो आणि एखाद्या उपाहारगृहातील मिष्टान्नही त्याच पंक्तीला जाऊन बसते. शब्दाचा हा प्रवास केवळ इंग्रजीपुरता आहे असे समजून मराठी वाचकाने निश्चिंत राहण्याचे कारण नाही. मराठीतही 'अलौकिक', 'लोकोत्तर', 'दिव्य', 'कालातीत', 'शब्दातीत' ही मंडळी देवघरातून निघून केव्हाच चौकात येऊन उभी राहिली आहेत. आणि ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कोणत्याही चौकात मान वर करून पाहणाऱ्यास त्यांचे दर्शन नित्य घडते.

शब्द देवघरातून चौकात आला म्हणून बिघडले काय, असा प्रश्न येथे विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर झटपट देता येण्याजोगे नाही. त्यासाठी हे शब्द मुळात काय करीत होते आणि आज त्यांच्याकडून काय करवून घेतले जाते, हे आधी पाहावे लागेल.

कर्म हरवलेले क्रियापद

इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. 'ओलांडून वर चढणे' हा त्याचा धात्वर्थ. चढणे म्हटले की काहीतरी चढायचे असते. ओलांडणे म्हटले की काहीतरी मागे टाकायचे असते. म्हणजे हे क्रियापद स्वभावतःच सकर्मक आहे. ईश्वर 'ट्रान्सेन्डेन्ट' आहे असे धर्मवेत्ते म्हणत, तेव्हा तो सृष्टीच्या पलीकडे आहे, असा त्याचा नेमका अर्थ असे. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने १७८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रमुख ग्रंथात तर याच धातूपासून निघालेल्या दोन विशेषणांत काटेकोर भेद केला. अनुभवाच्या सीमेपलीकडचे ते एक, आणि अनुभव मुळात शक्य व्हावा यासाठी आधीच गृहीत असावे लागते ते दुसरे. गणितज्ञांनी हा शब्द घेतला तोही अशाच काटेकोरपणे. ज्या संख्येला पूर्णांक सहगुणकांच्या कोणत्याही बैजिक समीकरणात मूळ म्हणून पकडता येत नाही, तिला त्यांनी हे विशेषण लावले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर अशा जातीचे आहे, हे १८८२ साली लिंडेमान या गणितज्ञाने सिद्ध केले. येथे काय ओलांडले हे सांगितलेले आहे आणि खरोखर ओलांडले याचा पुरावाही दिलेला आहे.

दैनंदिन इंग्रजी लेखनात हा शब्द दोन रीतींनी वापरला जातो. 'हा प्रश्न पक्षभेदांच्या पलीकडचा आहे' अशा अर्थाच्या वाक्यात तो अद्याप आपले कर्म सांभाळून असतो. असे वाक्य खरे की खोटे ते तपासता येते. निरनिराळ्या पक्षांच्या सभासदांनी मते कशी दिली, एवढे पाहिले की झाले. परंतु 'तिचे गायन ट्रान्सेन्डेन्ट होते' या वाक्यात कर्म गळून पडलेले असते. कशाच्या पलीकडे? व्याकरणाच्या, तालाच्या, श्रोत्यांच्या अपेक्षेच्या की दुःखाच्या? लेखक सांगत नाही आणि वाचकही विचारत नाही. कर्म गळाले की क्रियापदाचे विशेषण होते आणि विशेषणाचे नुसते उद्गारचिन्ह होते. 'फार चांगले' या दोन साध्या शब्दांचे काम एक अवजड शब्द करू लागतो, एवढाच काय तो फरक.

महर्षी महेश योगी यांनी पाश्चात्त्य देशांत प्रसृत केलेल्या ध्यानपद्धतीच्या इंग्रजी नावातही हाच शब्द आहे. १९६८ साली बीटल्स हे इंग्लंडमधील गायकचतुष्टय ऋषिकेशला येऊन राहिले, तेव्हा ते नाव जगभरच्या वृत्तपत्रांत झळकले. इकडे तीच पद्धती 'भावातीत ध्यान' या नावाने ओळखली जाते. दोन्ही नावे शेजारी ठेवली की एक गोष्ट लक्षात येते. इंग्रजी नावात काय ओलांडायचे हे मोघम राहिले. इकडच्या नावाने ते सांगून टाकले.

समासातले कर्म

हे केवळ एका नावापुरते नाही. संस्कृतातून मराठीत आलेल्या शब्दांची घडणच अशी आहे की काय ओलांडले हे त्यांना लपवता येत नाही. 'पक्षातीत' म्हणताच पक्ष आला, 'शब्दातीत' म्हणताच शब्द आला, 'गुणातीत' म्हणताच सत्त्व, रज व तम आले. 'अलौकिक' आणि 'लोकोत्तर' यांच्या पोटात तर साक्षात 'लोक' बसलेले आहेत. लोकांमध्ये जे नित्य आढळत नाही ते अलौकिक. लोकव्यवहाराच्या वरचे ते लोकोत्तर. देविदास वाडेकर यांच्या संपादकत्वाखाली १९७४ साली 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' प्रसिद्ध झाला, त्याच्याही आधीपासून शास्त्रीय मराठी लिहिणाऱ्यांना ही सोय उपलब्ध होती. इंग्रजीत जेथे एका शब्दाची ओढाताण होते, तेथे मराठीत 'अतीत' हे पद जोडून हवा तो नेमका शब्द घडवता येतो.

देशी मराठीनेही या बाबतीत कमतरता ठेवलेली नाही. 'ओलांडणे', 'पार होणे', 'पैलतीर' हे शब्द नदी आणि खाडी यांच्या काठी राहणाऱ्या माणसांचे आहेत. ठाण्याची खाडी किंवा कल्याणच्या अंगाने वाहणारी उल्हास नदी होडीने पार करणाऱ्या माणसाला पैलतीर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नव्हते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली, पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि पार होण्याचा अनुभव पाण्यावरून रुळांवर आला. पैलतीरी पोहोचलेला तो 'पारंगत'. हाच शब्द आज 'संगणकात पारंगत उमेदवार पाहिजे' अशा जाहिरातीत आढळतो आणि त्यात कोणालाही काही खटकत नाही. खटकण्याचे कारणही नाही. पारंगत आहे की नाही, हे चाचणी घेऊन ठरवता येते. शब्द खाली उतरला, पण कसोटी बरोबर घेऊन उतरला.

पूर्वीच्या कसोट्या

येथेच खरे मर्म आहे. पलीकडच्या गोष्टी सांगणारे शब्द जुन्या परंपरेत कधीही फुकट मिळत नसत. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीताचे वर्णन येते. परंतु ते येते अर्जुनाने विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरादाखल. असा मनुष्य ओळखावा कसा, तो वागतो कसा आणि गुणांच्या पार जातो कसा, असे अर्जुन विचारतो. उत्तरात तेजोवलय नाही आणि चमत्कारही नाही. सुखदुःखांत सम राहणे, ढेकूळ, दगड आणि सोने यांत भेद न करणे, निंदा-स्तुती, मान-अपमान, मित्र-शत्रू यांविषयी समभाव बाळगणे, अशी आचरणाची यादीच दिलेली आहे. शके १२१२ मध्ये ज्ञानदेवांनी हा विचार मराठीत आणला तोही या लक्षणांसकट.

बौद्ध परंपरेत 'लोकोत्तर' हा शब्द आणखी हिशेबी आहे. पाली अभिधम्मात चार मार्ग, चार फले आणि निर्वाण मिळून नऊच धर्म लोकोत्तर मानले आहेत. दहावा त्यात घुसवता येत नाही. या लोकोत्तराच्या शोधात निघालेल्या भिक्षूंसाठी ठाण्याच्या डोंगरांपलीकडे कान्हेरीला जी लेणी खोदली गेली, तेथील ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्या कल्याणच्या नागरिकांचा उल्लेख वारंवार येतो. व्यापारी आहेत, सोनार-लोहारांसारखे कारागीर आहेत. त्यांनी दिले काय? कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके दिले, कोणी वाट बांधून दिली. 'आमची श्रद्धा अलौकिक आहे' असे त्यांनी दगडावर कोरले नाही. दिलेली वस्तू तेवढी कोरली. त्यांतील कित्येक टाक्यांत आजही पावसाचे पाणी साठते.

'दिव्य' या शब्दाची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. आज तो 'भव्य' या शब्दाचा पाठीराखा म्हणून वावरतो. परंतु जुन्या न्यायव्यवहारात दिव्य म्हणजे परीक्षा. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. मराठी राज्यातील वतनांच्या तंट्यांत उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढण्याचे 'रवादिव्य' होत असे. नंतर हात पिशवीत बांधून, मोहोर करून, ठरलेल्या दिवशी सर्वांसमक्ष पाहिला जाई. ती न्यायपद्धती क्रूर होती आणि गेली ते उत्तमच झाले. परंतु दैवी शब्द वापरणाऱ्याने हात भाजून घेण्याची तयारी ठेवावी, ही तिच्यामागची अपेक्षा मात्र शब्दात उरली. सकाळी आठच्या सुमारास डोंबिवलीच्या फलाटावरून मुंबईकडे जाणाऱ्या जलद गाडीत शिरणे हे 'एक दिव्यच आहे' असे जो कारकून म्हणतो, तो हा शब्द अगदी शुद्ध वापरीत असतो. कोणत्याही कोशकाराने त्याला नावे ठेवू नयेत.

समीक्षेच्या क्षेत्रातही हीच शिस्त होती. काव्यरसाचा आस्वाद ब्रह्मानंदाचा सहोदर आहे, असे संस्कृत साहित्यशास्त्राने म्हटले. पण तसे म्हणण्यापूर्वी विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांची बारीक चिकित्सा केली. १९६० साली ठाण्यात भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष रा. श्री. जोग हे 'अभिनव काव्यप्रकाश' आणि 'सौंदर्यशोध आणि आनंदबोध' या ग्रंथांचे कर्ते होते. साहित्यातील आनंद लौकिक की अलौकिक, हा प्रश्न त्या पिढीला अभ्यासाचा वाटत असे. पुढे १९७४ साली रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद ही दोन टोके आखून कलाविचाराचा नकाशाच मांडला. कला ही जीवनव्यवहाराहून सर्वस्वी निराळी आहे काय, की जीवनात जी मूल्ये चालतात तीच तेथेही चालतात, हा त्यांचा प्रश्न होता. तेथे 'अलौकिक' ही स्तुती नाही, ती एक भूमिका आहे. तिच्या बाजूने युक्तिवाद करावा लागतो आणि विरुद्ध बाजूचेही ऐकून घ्यावे लागते.

चौकातले दर्शन

कल्याणला १८६४ साली सार्वजनिक वाचनालय निघाले, ठाण्याला १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. त्याच ठाण्याने १९८८ व २०१० साली आणि डोंबिवलीने २०१७ साली साहित्य संमेलने भरवली. शब्दांची चाड असणारा हा टापू आहे. म्हणूनच येथील चौकांत, कचेऱ्यांत आणि शाळांत या शब्दांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

कचेरीतील कारकून नामनिर्देशनाच्या अर्जावर मृताच्या नावाआधी 'कै.' लिहितो. कैलास पर्वतावरील वास्तव्य एका अक्षरात आणि एका टिंबात आटोपते. ज्यांना हे धार्मिक वाटते ते 'दिवंगत' लिहितात आणि आपण निधर्मी शब्द वापरला, असे समाधान मानतात. वास्तविक 'दिवंगत' म्हणजे स्वर्गाला गेलेला. कैलास टळला, स्वर्ग टळला नाही. बौद्ध कुटुंबांनी 'कालकथित' हा आपला शब्द जाणीवपूर्वक स्वीकारला. त्यांनी निदान शब्दाकडे पाहिले तरी.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला निघणाऱ्या नववर्ष स्वागतयात्रेचा पायंडा डोंबिवलीत १९९९ साली पडला आणि तो ठाणे, गिरगाव करीत दूरवर गेला. ही यात्रा पाहण्यासारखी असते यात वाद नाही. लेझीम, ढोलपथके, नटूनथटून दुचाकींवर स्वार झालेल्या स्त्रिया, चित्ररथ, रांगोळ्या या सर्वांचे वर्णन करण्यास मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. परंतु स्वागतफलकावर 'भव्यदिव्य' हा जोडशब्द एकदा छापला की रांगोळी किती लांबीची होती, पथकात कोणत्या शाळेची मुले होती, हे लिहिण्याची गरजच उरत नाही. दिव्य शब्दाने साधे तपशील गिळून टाकले.

'कालातीत' या शब्दाची दशा आणखी गमतीची आहे. आज तो चिरंतन या अर्थाने गाण्यांना, नाटकांना आणि नेत्यांच्या विचारांना सर्रास लावला जातो. संस्कृतात मात्र त्याचा एक अर्थ 'वेळ टळून गेलेला' असाही आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत हेत्वाभासांचे जे पाच प्रकार सांगितले आहेत त्यांतील पाचव्याचे नावच 'कालातीत' आहे. योग्य वेळ निघून गेल्यावर मांडलेला हेतू, म्हणून दोषयुक्त. कचेरीच्या भाषेतही मुदत टळलेल्या दाव्याला हाच शब्द लावल्याचे आढळते. तेव्हा 'साहेबांचे विचार कालातीत आहेत' असे सत्कारसमारंभात सांगणारा वक्ता दोहोंपैकी कोणता अर्थ घेतो, हे श्रोत्यांनी ठरवायचे.

देण्याऐवजी दिलेला शब्द

येथवर जे सांगितले ते विनोदात जमा करता येईल. भाषा अशीच चालते, असेही म्हणता येईल. 'अप्रतिम' म्हणजे ज्याला तुलना नाही. तरी आपण चहाला अप्रतिम म्हणतो. 'भयंकर' म्हणजे भीती उत्पन्न करणारे. तरी भयंकर आवडले असे मुले म्हणतात. शब्द झिजतात, त्यांच्या जागी नवे येतात. एखाद्या मिष्टान्नाला किंवा मिरवणुकीला कोणी अलौकिक म्हटले म्हणून भाषेचे किंवा समाजाचे मोठे नुकसान होत नाही. हा युक्तिवाद मान्य करावयास हरकत नाही. मात्र या शब्दांचा एक वापर असा आहे की तेथे झीज केवळ शब्दाची होत नाही, माणसाची होते. जी वस्तू देणे लागते, तिच्या ऐवजी जेव्हा हा शब्द दिला जातो, तो हा वापर.

पहिले उदाहरण 'दिव्यांग' या शब्दाचे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी 'विकलांग' या शब्दाऐवजी तो वापरण्याची सूचना केली. २०१६ साली केंद्रीय विभागाच्या नावात तो आला आणि महाराष्ट्रातही २०२२ साली स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन झाला. सूचनेमागील हेतू सन्मानाचा होता, हे मान्य केले पाहिजे. 'विकलांग' हा शब्द उणेपणावर बोट ठेवणारा होता. परंतु ज्यांच्यासाठी हा शब्द घडवला त्यांच्यापैकी अनेकांनी आणि त्यांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या संबंधित समितीनेही भारताविषयीच्या आपल्या निरीक्षणांत या शब्दावर आक्षेप नोंदवला. हरकतीचे मर्म असे की, शरीरातील न्यूनतेला दैवी म्हटल्याने ती न्यूनता नाहीशी होत नाही, आणि तिच्यामुळे येणारी अडचण तर मुळीच होत नाही. कल्याणसारख्या गर्दीच्या स्थानकात कुबड्यांनी चालणाऱ्या माणसापुढचा रोजचा प्रश्न आपले अंग दिव्य आहे की विकल, हा नसतो. उद्वाहक चालू आहे काय, फलाट आणि डबा यांतील अंतर किती आहे, राखीव डब्यात धडधाकट प्रवासी घुसले आहेत काय, हे त्याचे प्रश्न असतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 'हक्क' हा शब्द आहे. तोच त्याच्या कामाचा आहे, कारण हक्काला कर्म असते, मुदत असते आणि न मिळाल्यास दाद मागता येते. दैवीपणाबद्दल दाद कोणाकडे मागणार?

दुसरे उदाहरण शिक्षकांचे. गुरूला परब्रह्माच्या आसनावर बसवणारा श्लोक प्रत्येक शिक्षकदिनी म्हटला जातो. गुरू हा देवाहून थोर, त्याचे ऋण फिटणारे नाही, असे वक्ते सांगतात. याच महाराष्ट्रात शिक्षणसेवक म्हणून नेमणूक झालेल्या प्राथमिक शिक्षकाला २०२३ साली वाढ होईपर्यंत दरमहा ६,००० रुपये मानधन मिळत होते. त्या वर्षी ते १६,००० झाले. शब्दही पाहण्यासारखे आहेत. वेतन नव्हे, 'मानधन'. नोकर नव्हे, 'सेवक'. ऋण न फिटणारे आहे असे एकदा ठरवले की ते न फेडण्याला एक प्रकारची प्रतिष्ठा प्राप्त होते. शिक्षकाला परब्रह्म म्हणणाऱ्याने त्याच्या वेतनपावतीकडे पाहिले असते, तर त्याच्या वाणीत किंचित संकोच आला असता.

तिसरे उदाहरण प्रवाशांचे. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-कल्याणच्या परिसरात हाहाकार उडाला. लोक रुळांवरून चालत घरी गेले, अनोळखी माणसांना त्यांनी घरात घेतले. हे खरोखर घडले आणि त्याला थोर म्हणण्यात काहीच गैर नाही. परंतु त्यानंतर प्रत्येक दुर्घटनेपश्चात या परिसरातील माणसांच्या 'अलौकिक सहनशक्ती'चे गोडवे गाण्याची रीतच पडली. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान, एकमेकींशेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा मृत्यू झाला. दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावरच्या गाड्या तशाच भरून धावल्या. त्यांतील माणसांना सहनशक्ती अलौकिक होती म्हणून गाडी धरावी लागली, असे म्हणणे सत्याला धरून नाही. हजेरीपट आणि पगार यांच्यासाठी त्यांनी ती धरली. हे अगदी लौकिक कारण आहे आणि त्यावरचा उपायही लौकिकच आहे: अधिक गाड्या, अधिक मार्ग, बंद होणारी दारे, कचेऱ्यांच्या वेळांत बदल. सहनशक्तीला अलौकिक म्हटले की ती अमर्याद ठरते. आणि अमर्याद साठ्यातून कितीही उपसा केला तरी हिशेब विचारावा लागत नाही.

या तिन्ही उदाहरणांत एकच व्यवहार आहे. ज्याला काही देणे लागते त्याला लोकांच्या पंक्तीतून उठवून लोकोत्तराच्या आसनावर बसवायचे. तेथे बसलेल्याला पंक्तीतले पान वाढावे लागत नाही. 'लोकोत्तर' या शब्दातील 'लोक' येथे खऱ्या अर्थाने ओलांडले जातात.

दोन प्रश्न

यावर उपाय म्हणून हे शब्दच टाकून द्यावेत, असे कोणी सुचवील. ते अनावश्यक आहे आणि हानिकारकही. मनुष्याच्या आयुष्यात असे क्षण खरोखर येतात की जेथे नेहमीचे माप अपुरे पडते. किशोरी आमोणकरांच्या गायनाची एखादी मैफल, मुलाच्या मृत्यूनंतर त्याचे नेत्रदान करणारी आई, अत्याचार करणाऱ्याला क्षमा करणारा कैदी, यांविषयी लिहिताना 'अलौकिक' या शब्दाकडे हात गेला तर तो मागे घेण्याचे कारण नाही. उलट, अशा प्रसंगी तो धारदार असावा म्हणूनच एरवी जपून ठेवायचा. जी सुरी रोज डबे उघडण्यास वापरली, ती शस्त्रक्रियेच्या वेळी चालत नाही.

शब्द हाती घेण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल. पहिला: काय ओलांडले? दुसरा: कशावरून? 'पक्षातीत भूमिका' म्हणणाऱ्याने आपल्या पक्षाविरुद्ध केव्हा मत दिले ते सांगावे. 'कालातीत नाटक' म्हणणाऱ्याने कोणता काळ ओलांडला आणि आजच्या प्रेक्षकाला त्यात काय सापडले ते लिहावे. 'शब्दातीत अनुभव' असे निबंधात लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने समासात तांबड्या शाईने एवढेच लिहावे की, शब्द अपुरे पडले हे कबूल, पण ते कोठवर पोहोचले तेवढे तरी लिही. तेवढे लिहिताना विद्यार्थी बहुधा अनुभवाचे वर्णन करू लागेल आणि मग त्या विशेषणाची त्याला गरज वाटणार नाही. सत्काराचे मानपत्र तयार करणाऱ्या कारकुनाने 'लोकोत्तर कार्य' असे लिहिण्यापूर्वी किती विहिरी, किती खाटा, किती वर्षे, हे एका ओळीत मांडून पाहावे. ती ओळ पुरेशी भरली तर विशेषण वाचणारा आपल्या मनाशी स्वतःच घालील. भरली नाही, तर विशेषणाने ती भरून निघणार नाही.

आणि जेथे हे शब्द आपल्यालाच उद्देशून वापरले जातील, तेथे तिसराही एक प्रश्न विचारावा: या शब्दाच्या बदल्यात काय द्यायचे राहून गेले? शिक्षकाने तो शिक्षकदिनी विचारावा, प्रवाशाने दुर्घटनेच्या दुसऱ्या दिवशी विचारावा. कान्हेरीच्या डोंगरात दान देणाऱ्या कल्याणच्या त्या कारागिरांना लोकोत्तर म्हणजे काय हे बहुधा आपल्यापेक्षा बरे कळत होते. तहानलेल्या भिक्षूला त्यांनी विशेषण दिले नाही. त्यांनी टाके खोदून दिले आणि त्याची नोंद केली.